शिपायाच्या नावावर पुस्तक नाही

"ग्रंथपालाच्या कामामागचं तत्त्वज्ञान काय, सांग बघू," अध्यक्षांनी विचारलं.

अंबरनाथच्या त्या वाचनालयात मी चार वर्षं शिपाई होतो. म्हातारे ग्रंथपाल वारले, म्हणून त्या जागेसाठी अर्ज केलेला. मॅट्रिक होतो. रविवारी मुंबईला जाऊन ग्रंथपालनाचा वर्गही पुरा केला होता. समितीचे तिघे खुर्च्यांवर. मी उभा.

"वाचकाची सेवा," मी म्हणालो.

"ती तर करतोसच की! झाडतोस, पुसतोस."

तिघे हसले. दुसरे म्हणाले, "आमच्या माठाला तेवढा हात लावू नकोस." पुन्हा हसले.

मीही हसलो. ते आजही सलतं.

जागा अध्यक्षांच्या भाच्याला मिळाली. त्याला पुस्तकं विषयवार लावता येत नव्हती. ते मी शिकवायचं. महिनाभर तेच केलं. सेवा म्हणजे काय? वाकणं? मग मी शिकलो कशाला?

एका दुपारी काडेपेटीच्या कारखान्यातली बाई दाराशी आली. आत येईना.

"दादा, तान्हं पोर कसं जगवायचं, असं पुस्तक असतं का? माझी तीन गेली. आता पुन्हा दिवस आहेत. मी चौथी शिकलेय."

होतं. काढून आणलं.

भाचा म्हणाला, "ती सभासद नाही. ठेव जागेवर."

"माझ्या नावावर लिहा."

"शिपायाच्या नावावर पुस्तक देत नाहीत."

बाई दारात, पोटावर हात. मी इतकी वर्षं ही पुस्तकं झटकली ती कुणासाठी, ते तेव्हा लख्ख कळलं. हिच्यासाठी. त्या खुर्च्यांसाठी नव्हे.

रजिस्टर ओढलं. तिचं नाव लिहिलं, खाली माझी सही केली. पुस्तक तिच्या हातात दिलं.

संध्याकाळी अध्यक्षांनी बोलावलं. "माफी माग, ठेवून घेतो."

"नाही मागणार."

नोकरी गेली. घरी बायको रडली. डब्यात दोन दिवसांचे तांदूळ. रात्रभर मरावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. सकाळी नवा अर्ज लिहून पायी बदलापूरच्या वाचनालयात गेलो. तिथल्या चिटणिसांनी अर्ज न वाचताच विचारलं, "शिपाई व्हायचंय?"

"नाही. ग्रंथपाल."

त्यांनी अर्ज परत केला. मी घडी करून खिशात घातला. तिथेच ठरवलं. उद्या कल्याण. परवा उल्हासनगरचे कॅम्प. पोटासाठी दगड फोडीन, हमाली करीन. पण वाचनालयात पाऊल टाकीन ते ग्रंथपाल म्हणूनच. आणि मागेल त्याला पुस्तक देईन.