झुंबरबाईच्या वाट्याच्या गोळ्या

वाल्मीक सुईला भितो, हे नरडाण्याच्या कारखान्यात कोणी खरं मानलं नसतं. लोखंडी सळया खांद्यावर वाहणारा गडी. पण त्याच्या बायकोला, झुंबरबाईला, ठाऊक होतं.

मृणाली झाली तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात झुंबरबाईच्या अंगात रक्त उरलं नाही. डॉक्टर म्हणाले, घरच्या माणसाने एक पिशवी द्या. ती पांढऱ्या ओठांनी हसली, "बैलनासारखं आंग, नि सुईले भ्यास!" चहा पिऊन येतो म्हणून वाल्मीक निघाला, तो बसस्टँडवर जाऊन बसला. दुपार कलल्यावर परतला, तर तिच्या खाटेवर दुसरीच बाई होती.

तिचं दहावं उरकल्यावर घरी ज्वारीच्या कोठीत रक्तवाढीच्या लाल गोळ्या निघाल्या. मळमळतं म्हणून तिने लपवलेल्या. त्या दिवसापासून तो रोज एक गिळू लागला. सरल्या, तेव्हा गल्लीतल्या बाया फेकून देत त्या मागून घेऊ लागला.

"वाल्मीकभाऊ, तुमले दिवस गयात का?" बाया खिदळायच्या.

तो गिळायचा. तेवीस वर्षं.

यंदा तहान भागेना. चेहरा राखेसारखा झाला. जळगावला नोकरी करणाऱ्या मृणालीने त्याला डॉक्टरांकडे नेलं. तिचा हात आवळून, मान फिरवून त्याने तपासणीपुरतं रक्त दिलं. साखर तीनशेवर. रंग पाहून डॉक्टरांनी अंगातलं लोखंडही मोजलं होतं.

"काहींच्या अंगात मुळातच जास्त साठतं. त्यात तुम्ही सांगता त्या गोळ्याही लोखंडाच्याच. लोखंड साठून साठून साखर आवरणारा अवयव खराब होतो. आता गोळ्या बंद, आणि साठा उतरेपर्यंत पिशवी-पिशवी रक्त काढायचं."

"आबा, बठ्ठ्या गोया तूच खाध्यात?" मृणाली म्हणाली.

"तुनी मायना वाटान्या व्हत्यात."

रक्त काढायच्या दिवशी पाहिलं, तर दवाखान्यासमोरच बसस्टँड होता. वाल्मीक बराच वेळ तिकडे बघत उभा राहिला. मग आत जाऊन आडवा झाला, हातात रबरी चेंडू घेतला. नळी लाल झाली. पिशवी डोळ्यांदेखत फुगत गेली. इतकीच तर मागितली होती.

"ही कोनले देतस?" त्याने विचारलं.

"कोणाला नाही, बाबा. उपचारापायी काढलेलं रक्त टाकून देतात," सुई काढत नर्स म्हणाली. "झालं. चेंडू सोडा."

तो दाबतच राहिला.