उजव्या हातानं नारळ

माझ्या भावावर शेजाऱ्यानं बांधाच्या भांडणात कोयता उगारला, आणि मध्ये आली भावाची लहानगी पोर. तिच्या उजव्या हाताच्या नसा तुटल्या. जखम भरली, पण बोटं मिटेनात. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर केलं तर मिटतील. भावाची कुठली ऐपत? गुन्ह्यात जखमी झालेल्या मुलांना सरकार भरपाई देतं असं कळलं, तशी मीच रेवदंड्याहून अलिबागला खेपा घालून अर्ज केला. वकीलबाईंनी बजावलं होतं, "जबाब फिरवू नका. फिरवलात तर केसही गेली आणि भरपाईही."

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी तळा गावाजवळच्या माझ्या माहेरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर भाऊ निघायची तयारी न करता तसाच बसलेला.

"गावकीनं देवळात बोलावलंय, ताय."

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे भांडण मिटवायचं तर चुकलेल्यानं दुसऱ्याच्या हातात नारळ द्यायचा. देवासमोर एकदा घेतला की विषय संपला. मग कोर्टातसुद्धा त्यावर ब्र काढायचा नाही.

"तू नारळ घेणार? मेल्या, पोरीचा हात काय गावकी बरा करून देणार हाय?"

"वाळीत टाकतील. शिमग्याला पालखी दारात येणार न्हाय. मी मेलो तर खांदा कोण देल?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण त्याची भीती खोटी नव्हती.

देवळात सगळा गाव जमला होता. शेजारी मान खाली घालून उभा. गावकीचे म्हातारे प्रमुख म्हणाले, "लागलं पोरीला, तर मान पण तिचा. नारळ तिच्याच हातात दे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काय मोठेपणा! मी ओरडले, "आजोबा, आज हिची सुनावणी हाय! एसटी जाईल आमची!"

"तू लग्न होऊन गेलीस, बाय. गावकीत तुला बोलता येत न्हाय."

पोर उठली. आताशा सवयीनं ती डावाच हात पुढे करायची, तसाच केला. म्हातारा लगेच म्हणाला, "डावा न्हाय, बाय. देवाचं हाय. उजव्या हातानं घे." कुठल्याही पोराला सांगितलं असतं, तसंच त्यानं सांगितलं.

तिनं बापाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. मग तिनं हळूच उजवा हात पुढे केला. शेजाऱ्यानं त्यात नारळ ठेवला.

बोटं मिटली नाहीत. नारळ फरशीवर आपटला आणि गडगडत खांबापाशी गेला.

"मी मुद्दाम न्हाय पाडला," पोर रडवेली होऊन म्हणाली. "परत द्या, मी नीट धरते."

शेजारी नारळ उचलायला वाकला, तसा माझा भाऊ उभा राहिला.

"ऱ्हाऊ दे तिथंच. ताय, चल. एसटी चुकल."

अलिबागपर्यंत पोर मला एकच विचारत होती, देव रागावला असेल का गं आत्या? मी तिला जवळ धरून रडत होते. त्या दिवशी तिनं घडलं तेच सांगितलं. भरपाई मंजूर झाली, ऑपरेशनही झालं.

पुढच्या शिमग्याला पालखी गावात घरोघर फिरली. भावाच्या दारासमोरून मात्र न थांबता पुढे गेली. पोर उंबऱ्यात उभी होती, उजव्या हातात नारळ घट्ट धरून.