कमरेइतकं पाणी आणि बंबाची नळी

आधी या दोन हातांनी केलेल्या वस्तू सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कोण बोलतोय ते लक्षात राहील. शिवणयंत्राच्या पायट्यावर चालणारा एक लहान लेथ. विहिरीवरचा हातपंप. शेजारच्या हार्मोनियमचा नवा भाता. न कुरकुरणारा पाळणा. तांब्याचा बंब, ज्यात दोन बादल्या पाणी सतरा मिनिटांत कढतं. आणि दोन मेलेल्या लष्करी गाड्यांतून जिवंत केलेली एक मोटार. माझं शिक्षण मराठी चौथी. टेंभी नाक्याजवळ माझी पिठाची गिरणी आहे, आणि वरचं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. उघडून पाहिलं, जोडलं, तीन स्क्रू उरले, पुन्हा उघडलं. आमच्या हिचं म्हणणं, यादीत उरलेले स्क्रूही लिहावेत. नाही लिहीत.

मोटार हवी होती ती आक्कासाठी. आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला हिनेच वाढवलं. तिचं सासर खडवलीला नदीच्या पलीकडे, वीस-बावीस घरांचं गाव. उन्हाळ्यात ती ठाण्याला आली तेव्हा डॉक्टरांनी डोळे पाहिले. दोन्हींत मोतीबिंदू, पण उजव्यातला पिकून फुगलेला. दसऱ्याच्या आत तो काढला नाही तर डोळा कायमचा जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आक्का म्हणाली, पेरणी आटपून येते. पेरणी आटपली, नदी भरली, आक्का पलीकडे अडकली. पडघ्याच्या बाजूने यावं तर मैलोगणती भातखाचरांतला चिखल. नदीला ओढ इतकी की बैल पाण्यात पाय घालीनात. गावकरी तिला डोलीत बसवून आणायला तयार होते. तिने निरोप पाठवला, चार माणसांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार आहे, आणि त्याला अजून अवकाश आहे.

पुढे तिच्या गावच्या मास्तरांच्या हातचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, ‘उताराच्या जागी पाणी हल्ली कमरेइतकं असतं.’ मी लगेच टेप घेतली, भिंतीला टेकून ताठ उभा राहिलो आणि जमिनीपासून कमरेपर्यंत मोजलं. अडतीस इंच. अडतीस इंच पाण्यातून बंद न पडता जाणारी मोटार, एवढा साधा प्रश्न होता.

लढाई संपून तीन-चार वर्षं झालेली. कल्याण कँपाच्या बाजूला लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या विकायला होत्या. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने कल्याणला उतरलो. ही कशाला आली, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं होतं. ती म्हणाली, बसायचं आहे वन्संना, तुम्हाला नाही. स्टेशनाबाहेर टांगेवाल्याने कँपाचा रुपया सांगितला. हिने बारा आण्यांत ठरवला आणि वाटेत भाजी घ्यायला थांबवलाही.

विकणारे गृहस्थ हरूमल. कराचीत त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आता दुकानात उरलं होतं ते एक टेबल आणि एक छत्री, पण कुठला बोल्ट कुठल्या गाडीचा हे हाताला लागताच सांगत. असा माणूस भेटला की मला बरं वाटतं. टेप काढताना त्याची माफी मागावी लागत नाही.

तीन गाड्या पाहिल्या. कोणी असलाच उद्योग करणार असेल तर त्याच्यासाठी सविस्तर लिहितो.

पहिली जीप. चारही चाकांना जोर, वजनाला हलकी, कोणालाही बघताक्षणी आवडणारी. मलाही आवडली. पण पोटाखाली जेमतेम साडेआठ इंच आणि हलकेपणाच नडणारा, कारण ओढीच्या पाण्यात हलकी वस्तू उभी राहत नाही. दुसरा दहा चाकांचा ट्रक. नदीच काय, खाडीही ओलांडेल. पण एका गॅलनला सहा मैल, आणि पायरी जमिनीपासून पावणेतीस इंचांवर. ही पदर खोचून पुढे झाली, एक पाय उचलला, खाली ठेवला. म्हणाली, “वन्संना यात चढवायला दुसरा ट्रक लागेल.” हरूमल तोंड फिरवून हसले.

तिसरी पाऊण टनी, ठेंगणी, रुंद, चारही चाकांना जोर असलेली. पोटाखाली साडेदहा इंच, चॅसीला म्हणजे खालच्या सांगाड्याला कुठे बाक नाही. मी दोरा धरून दोन्ही कर्ण मोजले, फरक एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा. दोष एवढाच की तिच्यात इंजिनच नव्हतं, बॉनेट उघडलं की खाली गवत दिसे. पायरी थोडी उंच होती. आक्काचा पाय किती उचलतो ते हिला पाठ होतं, दीड वीत. मी हिची वीत मोजली. सव्वाआठ इंच. म्हणजे पायरी बारा इंच आणि तीन सूत. हे मी खिशातल्या वहीत लिहून घेतलं, कारण वीत माणसागणिक बदलते आणि अशा बाबतीत गाफील राहून चालत नाही.

आता इंजिन. इथेच बहुतेक लोक चुकतात. हरूमलांकडे दोन होती. एक त्याच जातीच्या गाडीचं, सहा सिलिंडरचं, दणकट, ताकद भरपूर. दुसरं विलायती लॉरीतलं, चार सिलिंडरचं, ताकदीला निम्म्याहून थोडं जास्त. हरूमलांनी पहिलं घ्या म्हणून सांगितलं. तिथे लाकूड भरायला ट्रक पाहत उभा असलेला एक वखारवालाही तेच म्हणाला. वखारवाले हे कल्याणचे, अंगाने भारदस्त, आणि कोणी न विचारता सल्ला देणारे.

मी दुसरं निवडलं. कारण डिस्ट्रिब्युटर. पेट्रोल पेटवणारी ठिणगी तिथून वाटली जाते. सहा सिलिंडरच्या इंजिनाला तो कुशीत, खाली. विलायती इंजिनाला तो वर, फेट्याला तुरा खोचावा तसा. नदीत मोटार ताकद कमी पडली म्हणून क्वचित बंद पडते, ठिणगी भिजली म्हणून पडते. हे इंजिन त्या चॅसीवर बसवलं तर डिस्ट्रिब्युटर जमिनीपासून एकेचाळीस इंचांवर येणार होता. पाणी अडतीस. तीन इंच शिल्लक.

प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला आणि हँडल फिरवायला लावलं. चारातल्या तीन सिलिंडरांनी अंगठा उडवला, तिसऱ्या नंबरच्याने नुसता ढकलला. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. हरूमल शेवटी म्हणाले, “भाईसाब, इंजन देख रहे हो या दामाद?” हिने त्यांना सांगितलं की जावई पाहताना यांनी एवढा वेळ घेतला नव्हता. ते खरं आहे. जावयाचे प्लग काढता येत नाहीत.

दुपारी बाजारातल्या खानावळीत जेवलो. भात, आमटी, वालाचं बिरडं, माणशी दहा आणे. बिरडं उत्तम. वखारवाले शेजारच्या पाटावर होते. ठिणगीसाठी ताकद सोडणारा माणूस आपण पहिल्यांदाच पाहिला, असं ते समोरच्याला सांगत होते. मला ऐकू जावं एवढ्या आवाजात.

जोडायला सहा आठवडे लागले. इंजिनाची आणि गिअरबॉक्सची भोकं जुळत नव्हती, म्हणून मध्ये पाऊण इंची पोलादी तबकडी घातली. ती कानशीने उतरवायला नऊ दिवस. मागचं बाक पाण्याच्या बरंच वर घेतलं. पायरी बारा इंच तीन सूत. राहिली हवा ओढायची नळी, जी छपरापर्यंत न्यायची होती. बाजारात योग्य व्यासाची मिळेना. योग्य व्यासाची एकच नळी मला ठाऊक होती आणि ती आमच्या न्हाणीघरात बंबाच्या मधोमध उभी होती. हिने दोन दिवस चुलीवर पाणी तापवलं आणि ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

भाद्रपद संपता संपता निघालो. मुंब्र्यावरून कल्याणपर्यंत रस्ता बरा. कल्याणला चहा घेतला, पेट्रोल भरलं. पुढे टिटवाळ्याकडून खडवलीपर्यंत रस्ता म्हणजे बैलगाड्यांची चाकोरी. आमच्या चाकांतलं अंतर बैलगाडीपेक्षा जास्त, त्यामुळे एक चाक चाकोरीत आणि एक बांधावर, असे तिरके गेलो. ही सबंध वाटभर माझ्या अंगावर कलंडून बसली होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर एवढी जवळीक मोटारीमुळे लाभली, असं ती म्हणाली.

खडवलीला पोचलो तेव्हा नदीकाठी वखारवाले हजर. पलीकडच्या रानातलं त्यांचं लाकूड महिनाभर अडकलं होतं आणि ते पाणी उतरायची वाट बघत बसले होते. मला पाहून त्यांनी बसायला सतरंजी मागवली, म्हणजे स्वतःला.

मी शिस्तीने तयारी केली. पंख्याचा पट्टा काढला, नाहीतर पंखा पाणी इंजिनभर उडवतो. मागे वाळूची चार पोती टाकली, वजनाला. पलीकडे काठावर आक्का घोंगडीवर बसली होती, तोंड आमच्या आवाजाच्या दिशेला. तिच्या शेजारचे मास्तर पाण्याचा अंदाज दाखवायला धोतर खोचून नदीत उतरले आणि मधोमध येऊन उभे राहिले. पाणी बरोबर त्यांच्या कमरेला लागलं. पत्रात लिहिल्याप्रमाणे, तंतोतंत.

“अहो,” ही हळूच म्हणाली, “मास्तर केवढे उंच आहेत.”

मास्तर उंचीने सहा फुटांवर होते. मी पाच फूट चार इंच. मी ओरडून त्यांना तिथेच थांबायला सांगितलं आणि टेपचं टोक दातात धरून पाण्यात गेलो. त्रेचाळीस इंच. डिस्ट्रिब्युटरच्या दोन इंच वर.

मास्तरांनी ओशाळून सगळं सांगितलं. आक्काने तोंडी सांगितलं होतं, ‘लिहा, तुमच्या कमरेइतकं.’ तसंच लिहावं तर तुम्ही ती तुमची कंबर समजला असता. ‘माझ्या’ लिहावं तर पत्र आक्कांचं, म्हणजे आक्कांची कंबर होते. म्हणून त्यांनी तो शब्दच गाळला. व्याकरणात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. हिची वीतसुद्धा मोजणाऱ्या माणसाला, कंबर कोणाची, हे विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

पाणी उतरायची वाट पाहावी तर दसऱ्याला तेरा दिवस राहिले होते, आणि वर शहापूरच्या बाजूला आभाळ काळं होतं. डिस्ट्रिब्युटर बांधायला माझ्याकडे सायकलची ट्यूब आणि मेणकापड होतं. पण तारा जिथून बाहेर येतात तिथल्या फटी राहत होत्या, आणि ग्रीस ओल्या रबरावर धरेना. वखारवाल्यांनी विचारलं, ताकद हवी का उसनी? त्यांचे बैल होते.

ही पिशवी घेऊन आली. आक्कासाठी पापडांचं उडदाचं पीठ आणलं होतं, दोन शेर. मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की पापडखार घातलाय का? कारण खारातून वीज निसटते. खार वेगळ्या पुडीत होता. आम्ही आधी मेणकापड गुंडाळलं, वर ट्यूब, आणि हिने काठावरच्या दगडावर तेलाचा हात घेऊन पीठ भिजवून कुटलं. घट्ट, चिवट, बोटाला न सुटणारं. एकेका तारेभोवती तिने मोदकाचं तोंड मिटावं तसं ते दाबलं. माझ्यापेक्षा नीट झालं, हे लिहायला मला त्रास होतो, पण झालं.

मग निघालो. पहिला गिअर, वेग माणसाच्या चालीचा, पाय अजिबात न हलवता. पाणी आधी पायांशी, मग गुडघ्यांशी. मधोमध बॉनेट दिसेनासं झालं, नुसती बंबाची नळी पाण्यावरून चाललेली. तिथे इंजिन खोकलं. एकदा, दुसऱ्यांदा. तिसरं सिलिंडर असणार. ही मागच्या बाकावरून म्हणाली, “थांबू नका, काही झालं तरी.” मी थांबलो नाही. खोकला गेला, पुढची चाकं वर चढली, आणि बॉनेटमधून पाणी ओघळत असताना आम्ही आक्कासमोर उभे होतो.

आक्काने हात पुढे करून चाचपलं. पायरी सापडली, पाय आपोआप वर गेला. मग तिचा हात मी उघडलेल्या बॉनेटखाली गेला आणि तिने बोटं नाकाशी नेली.

“दामू,” ती म्हणाली, “हे माझे पापड आहेत.”

परतीला पिठाचं तोंड पुन्हा मिटून घेतलं. नदी ओलांडेपर्यंत आक्का माझ्या खांद्यावर हात ठेवून होती. अलीकडच्या काठाला चाकं लागल्यावर म्हणाली, डोलीपेक्षा बरं, पण हादरे जास्त.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी ठाण्यात उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा आला, आणि आक्काने अंगणात येऊन मोटारीभोवती एक फेरी घातली. नळी डावीकडे कलली आहे, एवढंच म्हणाली. मी ओळंबा लावला. दोन सूत कलली होती. दिवाळीआधी आक्काला घरी पोचवलं तेव्हा नळी सरळ होती.

इतरांना सांगायचं तर, चॅसी निवडताना कर्ण मोजा, इंजिन निवडताना डिस्ट्रिब्युटर पाहा, आणि कोणी पाण्याची खोली सांगितली तर सांगणाऱ्याची उंची विचारा. बंबाला मी नवी नळी बसवली. पाणी आता एकोणीस मिनिटांत कढतं आणि ती दोन मिनिटं मला रोज सकाळी ऐकवली जातात.

वखारवाले त्या दिवशी काठावर सतरंजीवरून उठले होते. आम्ही परत येईपर्यंत ते पुन्हा बसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात ते टेंभी नाक्यावर आले, मोटारीखाली वाकून पाहिलं, डिस्ट्रिब्युटरला चिकटलेलं वाळकं पीठ नखाने खरवडलं आणि किंमत बोलले. चॅसी, इंजिन आणि माझी सगळी मेहनत धरून झालेल्या खर्चाच्या ती दुप्पट होती. ही दारात उभी होती. तिने एवढंच म्हटलं की वन्संचा डावा डोळा अजून व्हायचा आहे, आणि तो पिकायला कुठला महिना धरेल ते कोणी सांगावं. मी चहा दिला आणि नको म्हटलं. बेचाळीसशे रुपयांना.