डोंगरावर जायचा कमलचा नंबर

गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात.
मी करते.

कमल माझी धाकटी जाऊ. आज तिला जाऊन वर्ष झालं.

आमचं गाव तेल्हाऱ्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरचा भाजीचा मळा. आमच्या बचत गटाच्या ताई म्हणजे रिटायर्ड मास्तरीण. त्यांनी पाच-सहा वर्षांआधी टूम काढली, बायांनी ट्रेक करायचा!
चिखलदऱ्याच्या अलीकडे गाडीतून उतरायचं, तीन तास डोंगर चढायचा, अन् कोरकू आदिवासींच्या वस्तीत, सखू नावाच्या बाईच्या कुडाच्या घरात दोन रात्री मुक्काम.

आमच्या घरून एकीलाच जाता यायचं. म्हशी, मळा, बाजेवरची सासू. कोण पाहील?
मग नंबर लावले. पावसाळा तिचा, हिवाळा माझा. उन्हाळा आळीपाळीने.

हिवाळ्यात वर गवतावरचं दहिवर गोठतं. पाय टाकला की कुरकुर वाजतं. रात्री सखूच्या चुलीभोवती आम्ही सगळ्या एका गोधडीत, जिला ओढायला जमलं तिची ऊब.
उन्हाळ्यात मोहाचा वास, अन् सारवलेली भुई अशी गार की गाल टेकवून पडावं.
घरी आले की आठ दिवस मी हेच सांगायची. कमल ऐकायची. मला ती बाई म्हणायची. "हो काय बाई? अजून?"

पण ती पावसाळ्यातून आली की माझं सगळं फिकं पडायचं.

"बाई, ढग घरात येतेत. चुलीपाशी पाव्हण्यावानी बसतेत."
"अन् धबधबे?"
"मोजाले गेली तं बोटं नाई पुरली."

मी लसणाच्या जुड्या बांधत असायची. असा दोरा आवळायची की काड्या तुटायच्या.

तीन वर्षं ऐकलं. चौथ्या पावसाळ्यात मी म्हटलं,
"कमल, माहे गुडघे गेले. यंदा पावसात मी जाते. पुढच्या साली होते का नाई, कोन जाने."

माझे गुडघे धडधाकट होते.

ती म्हणाली, "जा न बाई. डोंगर काई पळून नाई चालला."
तिनं बॅग भरून ठेवली होती. आपलं लुगडं काढलं, टॉवेल काढला, अन् तीच बॅग मला दिली.

गेले. दोनदा आपटले. सखू माहेरी गेली होती, तिच्या सासूने कुटकीचा भात खाऊ घातला. ढग काही चुलीपाशी बसला नाही, पण घरी येऊन मी सांगितलं की मांडीवर बसला!
"बरं झालं तुमी पाह्यलं," कमल म्हणाली, अन् पालक धुवायला लागली.

त्याच पौषात, पहाटे, मेथी तोडता तोडता तिच्या छातीत कळ आली. अकोटच्या दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

पहाटेचा माल तोडायचं काम मग माझ्याकडे आलं.
लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिचंच. तीनला उठायचं, तोडायचं, बांधायचं, पाचच्या ऑटोत माल चढवायचा. मग म्हशी. रात्री सासू दोनदा हाक मारणार, उठणार कमल. मी मोठी, माझ्याकडे चूल अन् हुकूम.
पंधरा दिवसांत मी भाकरी थापताना डुलक्या खायला लागले.

कमल गेल्यापासून गट वर गेलाच नव्हता. या पावसाळ्यात कमलची सून म्हणाली, "मोठ्या आई, तुमी जा, घर मी पाह्यते."
गेले.

सखू दारातच होती. माझ्या मागे पाहत म्हणाली, "ते झोपाळू बाई नाई आली?"
"कोन झोपाळू?"
"तुमची जाऊ."

मी सांगितलं. तिने मला आत नेलं, चुलीमागचा कोपरा दाखवला.
मग हळूहळू बोलली.

"आली का त्या कोपऱ्यात आडवी व्हये. दोन दिस. जेवाले हलवून उठवा लागे. बाकी बाया धबधब्यावर, अन् हे घोरून राहे. निघाच्या दिवशी मले म्हने, सखू, सांग व पाऊस कसा दिसला. बाईले सांगा लागते."
"अन् ढग चुलीपाशी बसतेत, ते?"
"ते म्याच सांगतलं."
"मले काहून नाई सांगतलं तिनं?"
"म्हने, बाई म्हनतीन, झोपाचंच होतं तं घरीच झोपाची."

म्हटलं असतं. अगदी हेच म्हटलं असतं मी.

गटातल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं. मला सोडून. ज्या बायांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यांनी एवढी वर्षं तोंड शिवून ठेवलं, तिच्यासाठी. माझ्यासाठी कोणी ठेवलं असतं?
पाहा, पुन्हा जळले.

बाया धबधब्यावर गेल्यावर मी तिच्या कोपऱ्यात पडून पाहिलं. वर पाऊस, अंगावर सखूचं पांघरूण. हाडं दुखत होती, पण डोळा लागला नाही.
मी तिचा नंबर घेतला तेव्हा तिची त्या वर्षातली एकुलती एक झोप घेतली, हेच डोक्यात.

परवा हिवाळ्याचा ट्रेक निघतोय. नंबर माझा.
नाव कमलच्या सुनेचं दिलंय. पहाटे आता तीही माझ्याबरोबर मेथी तोडते.

ती म्हणाली, "मोठ्या आई, तिकडचं समदं पाहून येते अन् तुमाले सांगते."
म्हटलं, "काई पाहू नोको पोरी. अन् आली का मले काईच सांगू नोको."

कमल, चुकलं माझं.
तुझ्या बाईची श्रद्धांजली घे.