पाटकरी तात्या आणि ओहोटी

लासुर्ण्यात आजवर सगळ्यात जास्त शिव्या कोणी खाल्ल्या असतील, तर त्या पाटकरी तात्यांनी. कालव्याच्या फाट्यावर कोणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी द्यायचं, हे बघणारा तो पाटकरी. त्यामुळे ज्याचा ऊस वाळला तो शिव्या देई आणि ज्याच्या रानात पाणी तुंबलं तोही देई. तात्या त्या शिव्या शेंगदाण्यासारख्या खात. कमरेला कालव्याच्या दाराची भली मोठी किल्ली, तोंडात तंबाखू आणि कुठल्याही तक्रारीला एकच उत्तर, "वरनंच कमी आलंय." एकदा त्यांच्याकडे चहात साखर कमी पडली, तेव्हाही ते सवयीनं हेच बोलून गेले.

आमचं शेत फाट्याच्या अगदी टोकाला, म्हणजे टेलला. माझे वडील, अण्णा, आणि तात्या लंगोटीयार; अण्णांना 'नामा' म्हणणारे गावात तात्या एकटेच. पण एका उन्हाळ्यात आमच्या पाळीचं पाणी आलंच नाही. दोन एकर ऊस जागेवर वाळला आणि तात्यांनी ठरलेलं उत्तर दिलं. त्या दिवसापासून अण्णांनी बोलणं टाकलं, ते आठ वर्षं. तात्या निवृत्त झाले तरी अण्णा त्यांना बघून रस्ता बदलत. मला तात्यांनी विहिरीत पोहायला शिकवलं होतं, चुकलो की वरून ढेकूळ मारून. या दोघांचं काहीही करून जमवायचं, असं माझ्या मनात होतं.

म्हणून गावातल्या सोळा जणांची मालवणची सहल ठरवली तेव्हा मी दोघांनाही चक्क थाप मारली, की दुसरा येणार नाही. गाडीत बसल्यावर व्हायचं ते झालं. एक पुढच्या सीटवर, एक पार मागे. दुसराही उतरेल या भीतीनं कोल्हापूरपर्यंत दोघांपैकी एकही लघवीला उतरला नाही.

समुद्र बघून तात्या हरखले. धोतर गुडघ्याच्या वर खोचून लाटेत उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं पाणी, आन् एक बी दार न्हाय! आन् एक बी माणूस भांडायला न्हाय!" पाऊण तास ते तिथंच होते. शेवटी ओढून आणावं लागलं.

जेवायला एका घरगुती खानावळीत गेलो. सुरमई आली, सोलकढी आली. सोलकढी तात्यांनी डोळे मिटून, औषध घ्यावं तशी एका दमात संपवली आणि लगेच दुसरी वाटी मागितली. मग तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, आल्या. ताटातला शिंपल्यांचा ढीग त्यांनी बोटानं चाळला. "ह्यात बांधच लई हाय, रान कुठंय?" असं विचारून वाढणाऱ्या काकूंना त्यांनी पार गोंधळात टाकलं. पलीकडच्या टेबलावर अण्णांना हसू आलं. ते त्यांनी ठसक्यावर निभावून नेलं.

दुपारी खाडीत कयाक. दोन माणसांची प्लॅस्टिकची होडी. जोड्या मीच लावल्या, अण्णा-तात्यांना एकीत बसवलं आणि मी एकटाच एक घेतली. दोघं कुरकुरले, पण गावासमोर 'मला भीती वाटते' असं कोण म्हणणार? कयाकवाल्या बाईंनी बजावलं, "काकांनू, ओहोटीच्या आदी मागे येवा हां."

तात्यांना ते लागलं. "बाई, पाण्याचं आमाला सांगू नका. कुणी सोडल्याबिगर पाणी हालत नसतंय."

बोलायचं नाही म्हटल्यावर वल्हवायचं कसं, हेही ठरेना. अण्णा पुढे खेचत, तात्या मागे. होडी मळणीच्या बैलासारखी एकाच जागी गोल फिरू लागली. त्यांना सोडवायला मी माझी होडी जवळ नेली. तेवढ्या गोंधळात ओहोटी लागली. बाकीचे किनाऱ्याला पोचले आणि आमच्या दोन्ही होड्या दहा पावलांच्या अंतरानं चिखलात बसल्या. चहूकडे काळा गाळ, त्यावर तुरुतुरु पळणारे खेकडे. किनाऱ्यावरून बाई ओरडल्या, की आता भरती येईपर्यंत तिथंच बसा.

अर्धा तास दोघं खेकडे बघत बसले. मग अण्णांनी होडीखाली वाकून बघितलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "तात्या, पाणी गेलं."

"वरनंच..." तात्या बोलून गेले आणि मधेच थांबले. मला हसू फुटलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. हातातलं वल्हं त्यांनी उगाच दोनदा पुसलं.

"नामा, तुझ्या पाळीला वरनं कमी न्हवतं आलं. मला फाट्यावरच झोप लागली. जाग आली तवर वरच्यांनी सगळं पाणी वढून घेतलं व्हतं."

"ठावं हाय मला," अण्णा म्हणाले. "दुपारी मी आलतो तितं. बाभळीखाली घोरत व्हतास. किल्ली कमरेला."

तात्या एवढ्या जोरात वळले की होडी कलंडता कलंडता राहिली. "आरं मग उठवायचं की, येड्या!"

"कसं उठवू? मालन वयनी जाऊन म्हैना बी झाला न्हवता. रोज तुझं डोळं तांबडंलाल. म्हटलं, झोपलाय तर झोपू दे." अण्णांनी वल्हं गाळात रोवलं. "उसाचं काय न्हाय रं. उठल्यावर माज्या तोंडावर खोटं बोललास, त्याचा राग हाय."

तात्या रडले. मोठ्यानं, नाक ओढत, खेकडे बिळात पळावेत असे रडले. अण्णांनी डोक्याचा पंचा काढून त्यांच्याकडे फेकला तर तो गाळात पडला. मग तो कोणी काढायचा यावरून दोघांचं भांडण लागलं, ते भरती येईपर्यंत चाललं. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, ते बरंच झालं. माझेही डोळे भरले होते.

पुढची दोन वर्षं दोघं रोज सकाळी चहाला एकत्र आणि रोज एकमेकांवर खेकसत. मागच्या उन्हाळ्यात तात्या गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडून फाट्यावरून परतताना अण्णा त्या बाभळीपाशी उभे राहिले. मी म्हटलं, "चला, ऊन लागतंय."

"त्याला तवाच उठवायला पायजे व्हतं," अण्णा म्हणाले. "ऊस बी वाचला असता, आन् ती आठ वरसं बी."