रानात न्यायचं साधं यंत्र

माझे यजमान रानात निघाले की अजूनही "शिकारीला जाऊन येतो" असंच म्हणतात. त्यांच्या लहानपणी शिराळ्याच्या पश्चिमेकडच्या आमच्या डोंगरात गावची माणसं खरोखरच रानडुकरांच्या मागं जायची. ते कायद्यानं केव्हाच बंद झालं. आता हातात काठी, गळ्यात जुनी दुर्बीण आणि पिशवीत भाकरी. गव्याचा माग बघायचा, भेकर पाण्यावर कुठून उतरतं ते ताडायचं, पावसात अळंबी दिसली तर धोतराच्या फडक्यात बांधून आणायची, एवढीच त्यांची शिकार. फौजेतून सुभेदार होऊन घरी आले तेव्हापासूनचा हा नेम. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, तीही नोकरी संपली. ते रानात गेले की दुपार माझी असायची. भांडी तशीच मोरीत ठेवून मी आडवी व्हायचे.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. डोंगराच्या पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गावातून कुणीतरी बोलत होतं. "तुमचं मालक हितं डेअरीच्या पायरीवर बसल्यात. बरं हायती, पण कुठलं गाव म्हणून इचारलं तर सांगंनात." त्यांच्या पिशवीत मी माझा नंबर लिहून ठेवला होता, म्हणून निभावलं.

शेजाऱ्यांची जीप घेऊन मी गेले. सगळ्या डोंगराला वळसा घालून जावं लागलं. हे पायरीवर निवांत चहा पीत बसले होते. पायातले बूट चिखलानं भरलेले, हातावर करवंदीच्या काट्यांचे ओरखडे. मला बघून म्हणाले, "तू कशाला आलीस? चा घेतलास का?"

"आवं, हिकडं कसं आलासा?"

"मुद्दाम आलो. ही बाजू बघायची ऱ्हायली हुती."

परतताना जीपमध्ये ते मान वळवून डोंगराकडं बघत बसले. फौजेत ज्या माणसानं नव्या पोरांना नकाशा आणि होकायंत्र शिकवण्यात वर्षं घालवली, त्याला आपला डोंगर ओळखता आला नाही, हे मला कळलं होतं आणि त्यांनाही.

सांगलीच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, स्मरण हळूहळू कमी होत जाणार. "चालणं बंद करू नका, पण एकटं सोडू नका," असं ते म्हणाले. यजमानांनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं.

मुलगी शिरवळच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिनं आधी सांगितलं, "आई, बाबांना जाऊच देऊ नकोस." ते जमणार नाही हे तिलाही माहीत होतं. मग तिनं त्यांच्या मोबाइलमध्ये नकाशा घालून दिला. त्याचा उपयोग झाला नाही. ओढ्याच्या वर गेलं की रेंज जाते, बॅटरी उतरते, आणि यांची बोटं इतकी राठ की काचेवर घासली तरी फोनला पत्ता लागत नाही. वैतागून त्यांनी तो पिशवीच्या तळाशी टाकला. शेवटी मुलगी म्हणाली, हातात धरायचं वेगळं जीपीएस यंत्र मिळतं, त्याला ना सिम लागतं ना रेंज. तिनं पाठवलेल्या यंत्रांची वर्णनं मी रोज जेवणानंतर चष्मा लावून वाचायचे. रंगीत नकाशे, हवेचा दाब, चढउताराचे आलेख, मासेमारीच्या वेळा. वाचता वाचता मला झोप लागायची. मला फक्त घराकडं परत आणणारं काहीतरी हवं होतं.

शिवारमोजणीची साधनं विकणारं एक दुकान सांगलीत आहे असं कळलं. यांना घेऊन एसटीनं गेले. दुकानदार वयस्कर मुसलमान गृहस्थ होते, वडिलांपासूनचं दुकान. त्यांनी आधी मोठ्या काचेचं यंत्र काढलं. यजमानांनी दोनदा बोट दाबलं, काही हललं नाही, तसं ते खाली ठेवलं. दुसऱ्याला बटनं होती, पण एकेका बटनाची तीन तीन कामं. मी म्हणाले, "भाईसाब, घर कुठंय तेवढं सांगणारं द्या. बाकी काही नको."

"वापरणार कोण?" त्यांनी विचारलं. त्यांनी यजमानांकडं पाहिलं, मग आतून एक करडं, मुठीत मावेल असं यंत्र आणलं. लहान पडदा, अंगठ्याखाली जाड बटनं, साधे बाजारात मिळणारे सेल. घराची खूण एकदा साठवली की बाण दिसतो आणि खाली अंतर. पाण्यात पडलं तरी चालतं म्हणाले.

यजमानांनी ते हातात घेतलं आणि एकदम ताठ बसले. बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन, कसा दाखवतं, झाडीखाली सिग्नल किती धरतं, उत्तर खरी धरतं की चुंबकाची, असं एकामागून एक विचारू लागले. दुकानदार "साहेब, साहेब" करत सांगत होते. ते दोघं बोलत असताना मी स्टुलावर बसून राहिले. डॉक्टरांचीच काहीतरी चूक झाली असेल असं तेवढा वेळ वाटलं.

परतीच्या एसटीत त्यांनी पिशवीतून खोकं काढलं. "ह्ये कुणासाठी घेतलं?"

"तुमच्यासाठी."

"मला कशाला? मला लागत न्हाई. तुलाच ठेव."

मीच शिकले. अंगणात उभं राहून आकाशाकडं धरायचं, त्याला उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं, मग घराची खूण. आमच्या यंत्राचा बाण उभ्या जागी भरकटतो, चार पावलं चालल्यावरच नीट वळतो. यजमान ओट्यावरून बघायचे. "उभ्या माणसाला दिशा सांगत न्हाई, असलं कसलं यंत्र? आमचा कंपास बरा." त्यांच्या गळ्यात अडकवून दिलं की ते फाटकाच्या खांबाला टांगून जायचे. तेव्हा मी गळ्यात अडकवून त्यांच्या मागून जाऊ लागले. माझी दुपार गेली. गुडघ्याला पट्टा बांधून मी डोंगर चढायचे आणि संध्याकाळी भाकरी थापताना मधेच भिंतीला पाठ टेकून बसायचे.

भादव्यात एकदा आम्ही वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर गेलो होतो. ढग खाली उतरला आणि पाच पावलांवरची कारवीची झुडपं दिसेनात. ते डावीकडं वळले. बाण उजवीकडं दाखवत होता.

"आवं, हिकडनं."

"घर तिकडं हाय."

"न्हाई. ह्यात बघा."

"तुज्या त्या खेळण्यावर माजा इस्वास न्हाई."

मी पार थकले होते, पायात गोळे आले होते. मी त्यांचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच बाणाच्या दिशेनं निघाले. ते मुकाट आले. थोडं चाललो आणि त्यांनी माझा दंड गच्च धरून मला थांबवलं. पुढं गवत संपलं होतं. खालून पाण्याचा आवाज येत होता. बाण घळीच्या वरून थेट पलीकडं दाखवत होता, आमचं घर खरोखरच त्या रेषेत होतं.

मी तिथंच ओल्या दगडावर बसले आणि रडू लागले. घाबरून नाही. मला आता काहीच ठरवायचं नव्हतं.

ते शेजारी उकिडवे बसले. "रडू नगंस. घळीला तोंड असतंय. वर वर जायाचं, पाण्याचा आवाज बारीक झाला की वलांडायचं." त्यांनी काठीनं वाट चाचपली. मग म्हणाले, "त्यात घर किती लांब दावतंय ते बोलत ऱ्हा. वाढलं तर सांग."

तसं आम्ही निघालो. ते पुढं, मी मागं. मी आकडा वाचायचे, ते "हं" म्हणायचे. आधी आकडा वाढत गेला, तरी ते थांबले नाहीत. "वाढंल. आपुन वळसा घालतोय." पाण्याचा आवाज खरंच बारीक झाला. दगडांवर पाय देत आम्ही ओढा ओलांडला आणि मग प्रत्येक वाचनाला आकडा कमी होऊ लागला. गावाजवळच्या देवराईतली ऐनाची झाडं ढगातून दिसली तेव्हा ते म्हणाले, "आता बंद कर, सेल जातील."

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. मी चूल पेटवत होते म्हणून त्यांनीच घेतला. "काय न्हाई गं. तुजी आई आज वाट चुकली हुती. मी घेऊन आलो." ओली लाकडं पेटत नव्हती, मी फुंकत राहिले.

आता आम्ही सड्यावर जात नाही. ओढ्यापर्यंत जातो, कधी देवराईपर्यंत. काही दिवस ते मला नीट ओळखतात, काही दिवस "बाई, तुमी कुठल्या?" असं विचारतात, आणि तरीही माझ्या पुढं चालतात. मी आकडा वाचते. अंतर एवढं थोडं असतं की घराची कौलं तिथूनही दिसतात, पण वाचलं नाही तर ते मागं वळून बघतात आणि माझी वाट बघत उभे राहतात.