धाकटीने शोधलेली दुकानं

त्या घरात थोरली सून कधी आलीच नाही. मोठा दीर लग्नाच्या भानगडीत न पडता जहाजावर नोकरीला गेला, तो गेलाच. तरी धाकट्याची बायको म्हणून आलेली ती सगळ्यांची धाकटीच राहिली, केस पिकायला लागले तरी. उतारावरच्या द्राक्षमळ्यात ती नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या बरोबरीने राबायची. दर हंगामात एकच गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपायची. सासरे तळघरात जीव ओतून वाइन करायचे आणि मग बड्या कंपनीचा टँकर यायचा, नळी लावायचा आणि ती वाइन आणखी कुणाकुणाच्या वाइनमध्ये ओतायला घेऊन जायचा.

"त्यातली आपली कुठली, हे पिणाऱ्याला कसं कळणार?" ती विचारायची.

"कळून त्याला काय करायचंय?" सासरे म्हणायचे आणि विषय संपायचा.

एका हंगामात मात्र तिने हट्टच धरला. सगळ्यात वरच्या टप्प्यावरची द्राक्षं वेगळी ठेवायची, त्यांची वाइन टँकरला द्यायची नाही. नवरा वडिलांच्या तोंडाकडे बघत बसला. सासऱ्यांनी जेवण संपवलं. मग उठता उठता म्हणाले, "पिंपं धुवून ठेवा." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं म्हणायचं.

वाइन पिंपात मुरली, बाटल्यांत भरली, लेबलावर घराचं आडनाव आलं, आणि मग कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की ती विकायची कुठे हे कुणी ठरवलंच नव्हतं. गावात जो तो आपल्याच घरची प्यायचा. नवरा वेलींशी दिवसभर बोलायचा, पण अनोळखी माणूस समोर आला की त्याची दातखीळ बसायची. सासऱ्यांची तर बातच नको.

"मग मी जाते शहरात," धाकटी म्हणाली आणि बोलून गेल्यावर तिची तिलाच धडकी भरली.

शहरात तिची नणंद राहायची. खाली दोन खुर्च्यांचं केस कापायचं दुकान, वर घर. कात्री आणि जीभ, दोन्ही सारख्याच चालायच्या. तिच्याकडे सामान टाकून धाकटी बाटल्यांची जड पिशवी खांद्याला लावून निघाली. पहिलं दुकान एवढं अवाढव्य की गिऱ्हाइकं आत ढकलगाड्या घेऊन फिरत होती. तिथल्या मॅनेजरने मान वर न करता विचारलं, "हजारोंनी पुरवाल का? नाही? मग कशाला वेळ घालवताय?" दुसरं दुकान काचेचं, झगमगीत. बाटल्या खिडकीत, वाइन नासवणाऱ्या कडक उन्हात उभ्या होत्या. मालकाने तिची बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली आणि परत दिली. "लेबल फारच साधं आहे हो. जरा सोनेरीबिनेरी काही करा की." आत काय आहे, हे त्याने विचारलंही नाही. तिसऱ्या दुकानात, चौथ्या दुकानात तीच तऱ्हा. संध्याकाळी ती नणंदेच्या स्वयंपाकघरात गरम पाण्यात पाय सोडून बसली, तेव्हा खांद्यावर पिशवीच्या पट्ट्याचा लालभडक वळ उमटला होता.

"ताई, उद्याची गाडी पकडते मी. आपल्याला जमणारं काम नाही हे."

"तू दुकानं शोधलीस कशी?"

"कशी म्हणजे? पाट्या बघून."

"पाट्या बघून!" नणंदेने कपाळाला हात लावला. "उद्या खाली माझ्याजवळ बस. तोंड बंद, कान उघडे."

दुसऱ्या दिवशी धाकटी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. नणंद एकेक मान पुढे वाकवायची आणि कात्री चालवता चालवता सहज विचारायची, "काय हो, तुम्ही वाइन कुठून आणता?" बहुतेकांनी त्या ढकलगाड्यांच्या दुकानाचंच नाव घेतलं. पण दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक बाई आहेत, कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. मी महागातली बाटली मागितली तर दिलीच नाही. म्हणाल्या, तुमच्या जेवणासोबत ही फुकट जाईल, ही दुसरी न्या. आणि ती स्वस्तातली निघाली!" दुपारी आलेल्या बेकरीवाल्याने त्याच बाईंचं नाव काढलं. "पसंत नाही पडली तर भांडायला या म्हणतात. मी मुद्दाम भांडायला जातो, गप्पा मारून परत येतो." संध्याकाळी एक रिटायर झालेल्या संगीतशिक्षिका आल्या. त्यांनीही कुलूपवाल्याचं नाव घेतल्यावर धाकटी स्टुलावरून उठूनच उभी राहिली.

"आता कळलं दुकान कसं शोधतात?" नणंद म्हणाली. "माणसं सांगताना हसतात ना, ते दुकान खरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथे पोचली. दुकान चिंचोळं होतं, आत छान गारवा होता. खिडकीला जाड पडदा, बाटल्या फळ्यांवर आडव्या निजवलेल्या. उंच्यापुऱ्या दुकानवाल्या बाई अंबाड्यात पेन्सिल खोचून एका तरुण जोडप्याला विचारत होत्या, "आज जेवायला काय करताय? आणि रुसवा काढायचाय की पाहुणे यायचेत?" दोघं लाजली, हसली, बाटली घेऊन गेली. मग बाई वळल्या. धाकटीचं म्हणणं त्यांनी पुरतं ऐकून घेतलं, बूच काढलं, थोडी ग्लासात ओतून वास घेतला, घोट तोंडात घोळवून, चाखणारे थुंकतात तसा बादलीत थुंकला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"दडून बसलीये," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तुमची वाइन. राहू दे इथे. उद्या या." आणि त्यांनी बूच परत लावून बाटली काउंटरखाली ठेवली.

धाकटीला वाटलं, झालं, इथेही वाटाण्याच्या अक्षता. बाई भल्या म्हणून तोंडावर नाही म्हणाल्या नाहीत, एवढंच. नणंदेकडे परत येऊन तिने मळ्यावर फोन लावला आणि सासऱ्यांना झालं ते सांगितलं.

"उघडल्या उघडल्या प्यायला दिलीस?" सासऱ्यांनी विचारलं. "आपण घरी सकाळी उघडून, हवा लागू देऊन संध्याकाळी पितो, हे सांगितलं नाहीस?"

धाकटीने जीभ चावली. घाबरण्याच्या नादात ती हे साफ विसरली होती.

"नवख्या माणसाशी ती लगेच बोलत नाही," सासरे म्हणाले. "माझ्यावर गेलीये." आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच तिने त्यांना हसताना ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा दुकानात चारपाच जण काउंटरला गराडा घालून उभे होते, सगळे एकदम बोलत होते. गिऱ्हाइकं आहेत, नंतर यावं, म्हणून ती दारातूनच मागे फिरली.

"अहो, कुठे निघालात? तुमच्यासाठीच थांबलोय!" बाईंनी हाक मारली.

काउंटरवर तिचीच बाटली होती, तळाला जेमतेम घोटभर उरलेली. "काल संध्याकाळी ही जी बोलायला लागली," बाई म्हणाल्या, "ती एकटीने ऐकायची गोष्ट नव्हती. म्हणून सकाळी या सगळ्यांना बोलावलं." ते सगळे शहराच्या निरनिराळ्या भागांतले छोटे दुकानदार होते. नदीकाठचा एक जाडजूड गृहस्थ, स्टेशनमागचं एक नवराबायकोचं जोडपं, आणि गॅरेजमध्ये दुकान थाटलेला एक काटकुळा माणूस. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचे आणि काही चांगलं हाती लागलं की पहिला फोन एकमेकांनाच करायचे.

"कुणी केलीये ही?" काटकुळ्याने विचारलं.

"माझ्या सासऱ्यांनी."

"आणि इतकी वर्षं कुठे लपवली होती?"

"टँकरमध्ये," धाकटी म्हणाली, आणि सगळं दुकान खो खो हसलं.

मग खोक्यांवरून जुंपली. जाडजूड गृहस्थ म्हणे निम्मी मला, जोडपं म्हणे आम्ही आधी आलो. काल रडकुंडीला आलेली धाकटी क्षणभर ऐकत राहिली. मग तिने पिशवी काउंटरवर ठेवली. "भांडू नका. सगळ्यांना सारखी मिळेल. पण आधी मी तुमची दुकानं बघणार. उन्हात ठेवणाऱ्याला एक बाटली देणार नाही."

दुकानवाल्या बाईंनी काउंटरवर जोरात थाप मारली. "बघा की! माझ्यापासून सुरुवात करा!"

आणि तिने खरोखरच सगळी दुकानं पाहिली. ज्या रस्त्यांवरून मान खाली घालून आली होती, त्याच रस्त्यांवरून ती आता सगळ्या दुकानदारांना मागे घेऊन चालली होती. जोडप्याच्या फळीमागून गरम पाण्याचा पाइप जात होता. तिने हात लावून पाहिलं, मान हलवली, आणि नवरा बायकोला म्हणाला, "मी तुला कधीपासून सांगतोय!" त्यावर बायको म्हणाली, "तू? मी सांगत होते!" फळी त्याच दिवशी हलली. गॅरेजवाल्याकडे मात्र तिला बोट ठेवायला जागा सापडली नाही.

सगळी खोकी हिवाळा संपायच्या आत खपली. पुढच्या हंगामात कंपनीचा फोन आला तेव्हा सासऱ्यांनीच तो घेतला. "यंदा टँकर नको," म्हणाले आणि ठेवून दिला. बायको सांगेल तेवढी पिंपं धुवायला नवरा आनंदाने तयार होता.

नवी वाइन तयार झाल्यावर दुकानवाल्या बाईंनी शनिवारी दुपारी सगळ्या घराला बोलावलं. सासरे इस्त्रीचा कोट घालून आले आणि दाराजवळ खांबासारखे उभे राहिले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरीणबाई, बेकरीवाला, कधी न पाहिलेली माणसं, सगळ्यांच्या हातांत ग्लास होते. एका म्हाताऱ्या बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि सासऱ्यांना विचारलं, "ही द्राक्षं सकाळच्या उन्हाची आहेत का हो?"

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बोलायला लागले. वरचा टप्पा, तिथलं धुकं, गोटेदार माती, एका वर्षी गारांनी केलेली दैना. लोक भोवती जमत गेले. नवरा आ वासून बघत राहिला. "बाबांना एवढं बोलता येतं?" तो पुटपुटला.

"येत होतं," नणंद म्हणाली. "आजपर्यंत आपल्यापैकी कुणी विचारलंच नाही."

कुणीतरी म्हणालं, "आजोबा, कमाल केलीत तुम्ही." सासऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. धाकटी पलीकडे खोकी फोडत होती. त्यांनी सगळ्यांदेखत तिच्याकडे बोट केलं. "मी फक्त वाइन केली. तिला माणसांत आणलं ते हिने. माझी सून."

धाकटीच्या हातातली सुरी तशीच राहिली. डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता, आणि कुणीतरी ग्लास पुढे करून तिच्याकडे आणखी मागत होतंच.

गर्दी ओसरल्यावर सासरे तिच्याजवळ येऊन उभे राहिले. "बाकीची दुकानं लांब आहेत का?" त्यांनी विचारलं.

"थोडं चालावं लागेल, बाबा."

"चालू की. मला सगळी बघायचीत."

तिने पदराने हात पुसले, नवऱ्याच्या हातात उरलेली खोकी दिली आणि पुढे होऊन दार उघडलं. आधी गॅरेजवाल्याकडे जायचं होतं.